बावीस पत्रांतली शेवटची ओळ

महोत्सव हा शब्दच मुळात जरा मोठा आहे. आमच्या वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या एकशे दहा, त्यातल्या नऊ डुगडुगणाऱ्या. तीन दिवस, आठ चित्रपट, सगळे माणसाच्या हक्कांवरचे, आणि प्रत्येक चित्रपटानंतर चर्चा. चर्चेला उरतात जेमतेम तीस-चाळीस लोक. पण ग्रंथपाल बाईंनी दारावर ‘मानवी हक्क चित्रपट महोत्सव’ अशी इतकी ठसठशीत पाटी लावली होती की आत शिरताना माणूस आपोआप ताठ चालायचा.

मी तिथे माइक फिरवतो. हात वर झाला की माइक तिथे पोचवायचा, आणि बोलणाऱ्याने चऱ्हाट लावलं की हळूच हात पुढे करून तो परत घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. लोक प्रश्न विचारायला उठतात आणि स्वतःचं चरित्र सांगत बसतात. त्यांच्या हातून माइक असा काढावा लागतो की त्यांना वाटलं पाहिजे, आपणच दिला. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, असं खुद्द ग्रंथपाल बाई म्हणतात, आणि त्या सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत.

चार वर्षांपूर्वी मी वाचनालयात नुसता वर्तमानपत्र वाचायला जायचो. खरं म्हणजे वाचायलाही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या एका खोलीत दिवसभर कुणाचा आवाज येत नाही, आणि वाचनालयात निदान पानं उलटल्याचा तरी येतो. लग्न माझं झालं नाही. नोकरीचं नाव निघालं की स्थळ मागे फिरायचं. बहीण होती, ती गेली. एकदा मोजून पाहिलं, तर अकरा दिवसांत मी एकच वाक्य बोललो होतो, तेही दूधवाल्याशी. अशात एक दिवस ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “कुठे नोकरी केलीत?” मी म्हटलं, “टपाल विभागात.” शेजारी चष्म्याच्या दुकानाचा मालक पुस्तक बदलायला आला होता. तो लगेच म्हणाला, “म्हणजे पोस्टमास्तर! बाई, यांना समितीत घ्या. आपली निमंत्रणं तरी वेळेवर जातील.” झालं. त्या दिवसापासून मी पोस्टमास्तर. समितीत चहा होता, वाद होते, एकमेकांचे पाय ओढणं होतं. मी ते सगळं सोडून ‘अहो, मी त्यातला नव्हे’ असं कशाला सांगत बसेन?

टपाल विभागात होतो हे खोटं नाही. तो विभाग तुरुंगातला होता, एवढंच मी बोललो नाही.

ती वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. खटला नाही, शिक्षा नाही, तरी माणसं आत. त्यांची पत्रं आम्ही चौघं वाचायचो, जाणारीही आणि येणारीही. भिंतीवर सात कलमांचा कागद होता. ठिकाणाचं नाव नको, आकडा नको, दुसऱ्या कैद्याचा उल्लेख नको, आजार नको, असं करत करत सात. जे नको ते काळ्या शाईने झाकायचं, कागद दिव्यासमोर धरून खात्री करायची आणि कोपऱ्यात आपला क्रमांक घालायचा. माझा क्रमांक चार. बाकीचे तिघं ब्रश कसाही फिरवायचे. मी पत्र्याची पट्टी ठेवून ओळ झाकायचो, शाईचे दोन हात द्यायचो, कडा सरळ. साहेब इतरांना माझं काम दाखवायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा.

यंदा दुसऱ्या दिवशी दुपारी जी फिल्म लागली, ती एका म्हाताऱ्या बाईंवर होती. दिग्दर्शिका तिशीची मुलगी. ती स्वतः आली होती आणि त्या बाईंनाही घेऊन आली होती. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, न डुगडुगणारी खुर्ची बघून. बारीक अंगाच्या, हातात काठी, मांडीवर कापडी पिशवी. “उकडतंय का? पंखा लावू?” मी विचारलं. “नको. आवाजाने मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि दिवे गेले.

फिल्मची सुरुवात एका हाताने होते. हात पिशवीतून पत्रं काढतो आणि टेबलावर एकेक मांडतो. बावीस पत्रं. मग कॅमेरा जवळ जातो. प्रत्येक पत्रात मधे कुठे कुठे एखादा शब्द झाकलेला, आणि प्रत्येक पत्रातली सहीच्या वरची शेवटची ओळ पूर्ण काळी. कडा सरळ. दोन हात दिलेले. कोपऱ्यात चार.

मला वाटलं सभागृहातल्या सगळ्या माना आता माझ्याकडे वळतील. कुणाचीही वळली नाही. चष्मेवाला प्रोजेक्टरशेजारी बसून बिस्किट खात होता.

पडद्यावर त्या बाई सांगत होत्या. नवरा सरकारी मोजणीदार. कुणाच्या तरी जमिनीची मोजणी वरून सांगितली तशी न करता होती तशी केली आणि कागदावर सही केली. आठ दिवसांत उचलून नेलं. तुरुंग या शहरापासून तीनशे किलोमीटरवर. भेट नाही. पंधरा दिवसांनी एक पत्र, तेही घरी यायचं नाही. कैद्याने वर फक्त बायकोचं नाव लिहायचं आणि तिने शहरातल्या कचेरीच्या खिडकीवर जाऊन घ्यायचं. वर्ष होता होता ते आजारी पडून गेले. निरोपही त्याच खिडकीवर मिळाला.

“मी ही पत्रं उन्हात धरली,” त्या पडद्यावर म्हणाल्या. “पाण्यात घालून पाहिली एक, ती ही, बघा कशी झालीय. औषधांच्या दुकानातल्या एकाला दाखवली. नाही निघालं. एकदा खोडलं असतं तर म्हटलं असतं, असेल काही. पण बावीस वेळा? दर वेळी शेवटी? हे मला काहीतरी करायला सांगत होते. कुणाला तरी भेट, कुठे तरी जा, असं काहीतरी. आणि मी ते केलं नाही. बावीस वेळा सांगूनही केलं नाही. म्हणून ते सुटले नाहीत.”

सव्वीस वर्षं त्या बाई हे डोक्यात घेऊन जगत होत्या. आणि त्या ओळींचा खरा अर्थ या पृथ्वीवर फक्त मला माहीत होता.

मी इतकी पत्रं झाकली, हजारांनी. त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. ही बावीस मात्र तोंडपाठ आहेत. पहिल्या पत्राची शेवटची ओळ अशी होती: ‘पावलं एकवीस हजार, दगडखाणीच्या फाट्याशी आलो.’ ठिकाण आणि आकडा, दोन कलमं एका ओळीत! मी झाकली आणि साहेबांना दाखवली. मोजणीदार माणूस, आकडे लिहितोय, म्हणजे नक्की सांकेतिक भाषा. साहेबांचे डोळे चमकले. म्हणाले, झाकत राहा, आणि मला कळवत राहा. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि दर पत्रागणिक त्यावर टाचणी टोचायला लागले. कोण भेटणार आहे तिथे, शस्त्रं आहेत की काय, असा काथ्याकूट सुरू झाला.

पाचव्या पत्राला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कैद्यांना रोज पंधरा मिनिटं अंगणात फिरवायचे. मोजणीदार तिथे पावलं मोजत होता. पंधरा दिवसांची पावलं गोळा करायची आणि मनातल्या मनात घरच्या रस्त्यावर तेवढं पुढे सरकायचं. तो घरी चालत निघाला होता. बाकी काही नाही.

मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचं फिरणं बंद केलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आलो. तेही खरंच आहे. पण सगळं खरं ते नव्हे. मग मी ती ओळ तशीच जाऊ का दिली नाही? एकदा तरी? नोकरीची भीती होती. आणि दुसरं असं की मी त्या ओळीची वाट पाहायला लागलो होतो. क्वार्टरमध्ये मी एकटा. मला कुणाचं पत्र येत नसे. पंधरा दिवसांनी हा माणूस कुठवर पोचला ते कळायचं आणि मला बरं वाटायचं. रविवारी मी साहेबांच्या नकाशासमोर उभा राहून पुढचा टप्पा कुठला येईल याचा अंदाज बांधायचो. पत्रं त्याच्या बायकोच्या नावची होती, आणि माझ्या नावची असल्यासारखी मी ती वाचली. आधी वाचायचो, मग झाकायचो.

दिवे लागले. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. बाई आणि ती मुलगी पुढे खुर्च्यांवर बसल्या, ग्रंथपाल बाईंनी ओळख करून दिली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. माझं काम सुरू.

पहिला हात एका वकिलाचा. त्याने चार मिनिटं कायदा सांगितला. मी माइक परत घ्यायला विसरलो. चष्मेवाल्याने मागून खुणा केल्या, तेव्हा हात पुढे केला. दुसरा हात एका मास्तरणीचा. तिने विचारलं, “ज्याने ही शाई फासली, तो माणूस कधी समोर आला तर तुम्ही काय कराल?”

“काय करणार?” बाई म्हणाल्या. “या वयात कुणाच्या अंगावर धावून जाऊ? मी त्याला एवढंच विचारीन, खाली काय होतं? बाकी त्याचं त्याच्यापाशी.”

माइक माझ्या हातात परत आला. कुणाचा हात वर नव्हता. अशा वेळी मी एक-दोन पावलं मागे जातो, म्हणजे लोकांना धीर येतो. त्या दिवशीही गेलो. मनात म्हणत होतो, गप्प बस. या लोकांनी तुला पोस्टमास्तर केलंय, दर बुधवारी तुझ्यासाठी कपभर चहा जास्त टाकतात, न आलास तर फोन करतात. हे सगळं एका वाक्यात जाईल आणि मग तुझी ती खोली आणि तू. मूग गिळून बसायची सवय मला आयुष्यभराची. आणखी दहा मिनिटं तर काढायची होती.

पण त्या बाई समोर पाहत होत्या, आता कोण विचारतंय म्हणून. आणि माइक माझ्याच हातात होता.

“माझा प्रश्न नाही,” मी म्हटलं. माझा आवाज भोंग्यातून आला आणि मीच दचकलो. “त्या चार क्रमांकाच्या टेबलावर मी होतो. खाली काय होतं ते मला ठाऊक आहे.”

ग्रंथपाल बाई माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की जणू कपाटातून भलतंच पुस्तक हाती आलंय. चष्मेवाला म्हणाला, “अहो पोस्टमास्तर, काहीतरी काय...” आणि मधेच थांबला. दिग्दर्शिका मुलगी उभी राहिली. तिने घाईघाईने आपला कॅमेरावाला शोधला आणि हाताने त्याला बोलावलं. तिचा काय दोष? तीन वर्षं ती याच उत्तरासाठी वणवण करत होती.

“कॅमेरा नको,” बाई म्हणाल्या. त्यांना माइकची गरजच पडली नाही. “ती पत्रं मला आली होती. सगळ्यांनी वाचून झाल्यावर मला मिळाली. आता एकदा मला एकटीला वाचायची आहेत. कुठे बसता येईल?”

वाचनालयात त्या वेळी रिकामी खोली एकच, बालविभागाची. तिथल्या खुर्च्या पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. दोघंही म्हातारे, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलो. ग्रंथपाल बाईंनी दोन कप चहा आणून ठेवला, माझ्याकडे न बघता, आणि दार लावून घेतलं.

बाईंनी पिशवीतून पत्रं काढली आणि मधल्या बुटक्या टेबलावर तारखेप्रमाणे लावली. पहिल्यावर बोट ठेवलं. “म्हणा,” त्या म्हणाल्या.

“पावलं एकवीस हजार, दगडखाणीच्या फाट्याशी आलो.”

त्यांना कळलं नाही. मग मी अंगणाचं सांगितलं, पंधरा मिनिटांचं, पावलांच्या बेरजेचं. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो. वर पाहिलं तर त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

“म्हणजे मला काही करायला नव्हते सांगत?”

“नाही.”

“कुणाकडे जा, असं नाही?”

“नाही हो. काही मागितलं नाही त्यांनी. कुठवर आले ते कळवत होते.”

त्यांनी खूप मोठा श्वास सोडला. सव्वीस वर्षांचं ओझं असं एका श्वासात उतरतं का, मला माहीत नाही, पण त्यांचे खांदे खाली आले एवढं मी पाहिलं. मला वाटलं, बरं केलंस. आयुष्यात एक गोष्ट तरी बरी केलीस.

“दुसरं,” त्या म्हणाल्या.

मी एकेक सांगत गेलो. त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवायच्या आणि मी सांगितलेली ओळ ओठांत पुन्हा म्हणायच्या. रस्ता त्यांच्या पायाखालचा होता, माहेर त्याच बाजूला. तिसऱ्या पत्रात कोळशाच्या वखारीपाशी त्याच्यावर कुत्री भुंकली होती. “अजून आहेत तिथे कुत्री,” त्या म्हणाल्या. सातव्यात तो जकात नाक्यावर पोचला, ‘माल काही नाही म्हणून फुकट सोडलं’ असं लिहिलं होतं. बाई खुदकन हसल्या. “हे असलेच होते. कुठेही विनोद करायचे आणि मग मला सारवासारव करावी लागायची.” मीही हसलो. कुणाबरोबर असा बसून मी किती दिवसांनी हसत होतो!

अकराव्या पत्रात मोठा पूल. “तिथे थांबले असतील,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “हो. लिहिलंय तसं. कठड्याला टेकून थोडा वेळ बसलो, पुढच्या पत्रापर्यंत इथेच.” त्यांनी मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीने माहेरी जाताना गाडी त्या पुलावर बंद पडली होती आणि दोघं दोन तास कठड्यावर बसून राहिले होते. ते मला माहीत नव्हतं. मी ती ओळ इतक्या वेळा मनात म्हटली, तरी तिच्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

सोळाव्यानंतर पावलं कमी होत गेली. एकवीस हजारांची चौदा हजार, मग नऊ. “पाय सुजले होते का?” त्यांनी विचारलं. “खोकला होता,” मी म्हटलं. “आजाराचं वेगळं लिहायचे. तेही मी...” त्यांनी हाताने मला थांबवलं. “ते नंतर. पुढचं सांगा.”

विसाव्यात शहराची वेस आली. एकविसाव्यात शाळेमागची गल्ली. बाईंनी बाविसावं पत्र दोन्ही हातांत घेतलं. मला ही ओळ नेहमीपेक्षा सावकाश सांगायची होती. त्या दिवशी टेबलावर ती झाकताना माझा हात थांबला होता. पाच-दहा मिनिटं मी ब्रश शाईत बुडवून तसाच बसलो होतो आणि मग पट्टी ठेवली होती.

“चार हजार दोनशे पावलं,” मी म्हटलं. “आज आपल्या दाराशी पोचलो. कडी वाजवली नाही. तू आत आहेस हे ठाऊक आहे, म्हणून घाई नाही.”

मला वाटलं, बाई रडतील. मी खिशातला रुमाल चाचपत होतो. त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि तारीख पाहिली. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि परत तारीख पाहिली.

“पण मी तिथे नव्हते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“घर सरकारी होतं. हे आत गेल्यावर सहाव्या महिन्यात खाली करून घेतलं. मी धाकट्या बहिणीकडे गेले, शहराच्या त्या टोकाला. ह्यांना लिहिलं होतं ना मी. नवा पत्ता लिहिला होता, कुठल्या रस्त्याने यायचं, कितवा जिना, सगळं. दोनदा लिहिलं. कारण पहिल्याचं उत्तर आलं नाही.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. आवाज चढलेला नव्हता. “ह्यांना कळलं नाही का?”

मी आठवून पाहिलं. तिचं पत्र, तिचं अक्षर, तो पत्ता. काहीही आठवेना. येणारी पत्रं मी जेवणानंतर एकगठ्ठा उरकायचो. त्यांत मन नसायचं. घरी काय चाललंय, मूल दात काढतंय, छप्पर गळतंय, सगळी सारखीच. नवऱ्याची बावीस पत्रं मला पाठ आहेत आणि बायकोचं एक नाही.

“मला आठवत नाही,” मी म्हटलं. मग म्हटलं, “पण पत्ता होता ना. ठिकाण आणि आकडे. म्हणजे खोडलाच असणार.”

“तुम्हीच?”

“त्यांची पत्रं माझ्याच टेबलावर होती. जाणारी आणि येणारी, दोन्ही.”

त्यांनी मान हलवली, हिशेब लागल्यावर हलवतात तशी. चहा निवून गेला होता. त्यांनी पत्रं गोळा केली, पहिलं खाली आणि शेवटचं वर, पिशवीत भरली आणि काठी घेऊन उठायला लागल्या. इतक्या बुटक्या खुर्चीतून उठणं मलाच जड गेलं असतं. मी हात पुढे केला. त्यांनी टेबलाची कड धरली.

“ते घर आहे अजून?” मी विचारलं.

“आहे. कुणीतरी राहतं.” त्या दाराकडे वळल्या आणि मग थांबल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, सांगता येत नाही. “हे एकदा म्हणाले, इथे उभा राहतो, की कुणी हलवलं तरी हलायचे नाहीत. बाजारात मी सांगितलेल्या जागी तासन्‌तास उभे असायचे. म्हणजे अजून तिथेच उभे असतील की हो! सव्वीस वर्षं. मी आत आहे असं समजून.”

मीही टेबलाला रेटा देऊन उठलो.

“जाते मी,” त्या म्हणाल्या. “अजून ऊन आहे. अंधार पडायच्या आत पोचेन.”

“मी येतो बरोबर,” मी म्हटलं. मला खरंच जायचं होतं. तेवढं एकच मी करू शकत होतो असं वाटलं. शाळेमागची ती गल्ली मला न पाहता पाठ होती. “जिने असतील, रस्ता खोदलेला असेल. हाताला धरून नेतो. आणि दाराशी मी बोलणार नाही, लांब उभा राहीन.”

बाईंनी दार उघडलं. बाहेर चष्मेवाला, ग्रंथपाल बाई आणि ती मुलगी कधीपासून उभी होती, कोण जाणे. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“तुम्ही इतकी वर्षं आमच्या दोघांच्या मधोमध चालत आलात,” त्या म्हणाल्या. “आता नका येऊ.”